फिर्यादी शेजारी

खोडकर मुलाची गोष्ट सहसा त्या मुलाकडून येत नाही, ती शेजाऱ्याकडून येते. मुलाच्या लेखी घडलेले एवढेच असते की वाटेत भिंत होती म्हणून ती ओलांडली, आणि मडके हाताला येत नव्हते म्हणून खाली काहीतरी ठेवून वर चढावे लागले. या हालचालींना खोडी हे नाव देणारा, त्यांचा क्रम लावणारा, गेल्या महिन्यातल्या प्रकरणाशी त्यांचा धागा जोडणारा आणि सगळे एकत्र करून मुलाच्या आईपुढे मांडणारा माणूस शेजारी असतो. म्हणूनच बालखोड्यांच्या वाङ्मयाचा विचार करताना आरोपीपेक्षा फिर्यादीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. फिर्यादी नसता तर खोडी घडली असती आणि विरून गेली असती. ती टिकली, सांगितली गेली, हसण्याजोगी झाली, याचे श्रेय बहुतांशी त्याच्या संतापाला आहे.

भारतीय परंपरेतले या जातीचे सर्वांत प्रभावी गाऱ्हाणे भागवत पुराणाच्या दशम स्कंधातील आठव्या अध्यायात येते. गोकुळातल्या गोपी यशोदेच्या दारात जमतात आणि तिच्या मुलाचे प्रताप एकामागून एक सांगू लागतात: भलत्याच वेळी वासरे सोडतो, दहीदूध चोरतो, स्वतः खाऊन उरलेले माकडांना घालतो, माकडांनी नाही खाल्ले तर भांडेच फोडतो, हात पुरत नसेल तर पाट आणि उखळ एकावर एक रचतो, आणि शिंक्यावर टांगलेल्या कोणत्या मडक्यात काय आहे हे ठाऊक असल्यामुळे नेमक्या त्याच मडक्याला भोक पाडतो. एवढ्यावर न थांबता, सारवून स्वच्छ केलेल्या घरात तो घाणही करतो, हेही त्या सांगून टाकतात. फिर्यादीचा तपशील इतका बारीक आहे की ऐकणाऱ्याला शंका येते, या बायका रागावल्या आहेत की त्या मुलाच्या हिकमतीवर लुब्ध झाल्या आहेत. पुराणकारालाही ती शंका आली असावी, कारण गोपी बोलताना बाळाच्या भेदरलेल्या चेहऱ्याकडे पाहत होत्या आणि ऐकणारी यशोदा हसली, तिला रागावणे जमले नाही, असे तो नोंदवतो.

मराठीने हा प्रसंग उचलला आणि त्याला स्वतंत्र रचनाप्रकाराचे रूप दिले. गवळण म्हणजे गोपीच्या तोंडी घातलेले पद. वारकरी भजनात ती एकनाथांपासून विशेष रुजली, आणि 1702 मध्ये पंढरपुरात पूर्ण झालेल्या श्रीधरांच्या ‘हरिविजया’तून कृष्णाच्या बाळलीला घरोघरच्या पोथीवाचनात पोचल्या. तमाशातल्या गण-गवळणीत तर मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि त्यांच्याशी हुज्जत घालायला मावशी पुढे होते. लुगडे नेसलेला पुरुष असलेली ही मावशी म्हणजे त्रासलेल्या शेजारणीचे रंगमंचावरचे रूप मानायला हरकत नाही. टाळ्या कृष्णाला पडतात, हशा मात्र मावशीला मिळतो, आणि वाटणी म्हणून ती योग्यच आहे.

हे सारे गोकुळात घडले असे पोथी सांगते. परंतु अशा गाऱ्हाण्याला जी भौतिक परिस्थिती लागते, ती पातूरसारख्या वऱ्हाडी गावाने पिढ्यानपिढ्या पुरवली आहे. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता जिथे सपाटी सोडून घाट चढू लागतो, तिथे पायथ्याशी पातूर वसले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सखल मुलूख म्हणजे पयनघाट आणि दक्षिणेकडचे डोंगराळ पठार म्हणजे बालाघाट, अशी वऱ्हाडची जुनी विभागणी आहे. हे गाव त्या दोहोंच्या शिवेवरचे. गावाबाहेरच्या टेकडीत कोरलेली, नक्षीकाम नसलेली साधी लेणी, रेणुकामातेची टेकडी, सिदाजी महाराजांचे मंदिर आणि ज्यांच्यामुळे जुन्या कागदपत्रांत गावाचे नाव ‘पातूर शेख बाबू’ असे येते त्या शेख बाबूंचा दर्गा, ही झाली पाहुण्यांना दाखवायची ठिकाणे. दहा वर्षांच्या मुलाचा नकाशा निराळा असतो. कोणाच्या आवारातली चिंच रस्त्यावर झुकली आहे, कोणाची भिंत पावसाळ्यात खचून चढण्याजोगी झाली आहे, कोणता आजोबा दुपारी खरोखर झोपतो आणि कोणता नुसता डोळे मिटून पडतो, डोंगरातली सीताफळे कधी डोळे उघडतात (फळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होऊन रुंदावल्या की ते पिकायला आले असे समजतात आणि त्यालाच डोळे उघडणे म्हणतात), या माहितीवर तो नकाशा उभा असतो.

जुन्या वस्तीतल्या घरांची बांधणीही मुलांच्या बाजूची होती. धाब्याचे घर म्हणजे मातीच्या जाड भिंतींवर लाकडे टाकून, त्यावर पऱ्हाट्यांसारख्या काड्यांचा थर आणि वर मातीचा जाड लेप देऊन केलेले सपाट छपराचे घर. पऱ्हाटी हे वऱ्हाडात कपाशीच्या झाडाचे नाव. अशी घरे एकमेकांना खेटून असत, त्यामुळे एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर जायला रस्त्यावर उतरावे लागत नसे. मोठ्यांच्या दृष्टीने ती चार घरे, मुलांच्या दृष्टीने एकच लांबलचक मैदान, आणि उन्हाळ्यात त्या मैदानावर खाण्याच्या वस्तू मांडून ठेवलेल्या.

कुरोड्यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ज्यांना अन्यत्र कुरडया म्हणतात त्या करण्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, मग वाटून, गाळून ते सत्त्व तळाशी बसू देतात, वरचे पाणी हलक्या हाताने ओततात आणि उरलेले सत्त्व मिठाच्या आधणात हाटून शिजवतात. या शिजलेल्या पदार्थाला चीक म्हणतात. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो, त्यामुळे सारे काम पहाटे सुरू होते आणि ऊन चढण्याआधी धाब्यावर पसरलेल्या जुन्या धोतरावर गोल चकत्यांच्या ओळी उठतात. वाटीभर चीक साखर घालून मुलांना दिला जातो, तो कायदेशीर वाटा. खरा रस मात्र दुपारी तीनच्या सुमारास निर्माण होतो, कारण त्या वेळी कुरोडी वरून कडक आणि खालून मऊ अशा अवस्थेत असते, आणि ही अवस्था तासाभरापेक्षा अधिक टिकत नाही. ओळीतली एक कुरोडी उचलली की जागा उघडी पडते; म्हणून कसबी मुलगा शेजारच्या दोन्ही बाजूंच्या कुरोड्या बोटभर सरकवून फट बुजवतो. तो एकच गोष्ट विसरतो. प्रत्येक कुरोडीखाली धोतरावर चिकाचा ओलसर गोल उमटलेला असतो, आणि संध्याकाळी शेजारीण कुरोड्या गोळा करायला आली की गोल अधिक भरतात आणि कुरोड्या कमी. न्यायवैद्यक शाखेला अभिमान वाटावा असा हा पुरावा घेऊन ती जिना उतरते आणि थेट मुलाच्या आईकडे जाते.

“पाह्य वं बाई, तुह्या पोट्ट्यानं काय केलं थे,” या धर्तीवर सुरू होणाऱ्या या गाऱ्हाण्याला एक ठरलेला घाट असतो, आणि तो जाणकारीने पाहण्यासारखा आहे. गाऱ्हाणे आईकडेच नेले जाते. बापाकडे नेणे म्हणजे प्रकरण गंभीर करणे, आणि ते फिर्यादीला नको असते. आरंभी आजचा गुन्हा, मग त्याच्या जोडीला मागचे तीन, मग या वयात स्वतःची मुले कशी होती याची थोडी अतिशयोक्त तुलना, आणि हे सारे इतक्या मोठ्या आवाजात की तिसऱ्या घरापर्यंत पोचावे. आई काही न बोलता हाताला येईल ती काठी उचलते. इथे फिर्यादीची भूमिका एका क्षणात पालटते. तीच शेजारीण मध्ये पडते, मुलाला पदराआड घेते आणि “मारू नोको बापा त्याले, मी आपलं सांगून ठेवलं,” असे म्हणत आरोपीची सुटका करवते. वर आईलाच दोन शब्द सुनावते की लेकराच्या अंगावर असा हात टाकतात का. ज्या न्यायालयात फिर्यादीच शेवटी बचावाचा वकील होतो, तिथे शिक्षा होण्याची शक्यता फार कमी, आणि मुले हे फार लवकर ओळखतात. काही चतुर शेजारणी याही पुढे जात आणि पुढच्या वर्षी कावळ्यांपासून वाळवण राखायला त्याच मुलाला काठी देऊन धाब्यावर बसवीत. राखणदार झालेला चोर इतर चोरांना फिरकू देत नाही, आणि स्वतःचा हप्ता ठरल्यामुळे तोही मर्यादेत राहतो. कोणत्याही दंडसंहितेपेक्षा ही तोड अधिक शहाणपणाची होती असे मानावे लागते.

कापसाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे नुकसानीला बाजारभाव असतो. दिवाळीच्या आसपास वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो आणि भाव चढेल या आशेवर अनेक घरांत एखादी खोली आढ्यापर्यंत भरून राहते. त्या ढिगात उंचावरून उडी मारण्याचा मोह कोणत्याही मुलाला आवरत नाही. मातीचे पाय आणि काडीकचरा पांढऱ्या कापसात मिसळला की प्रत घसरते, त्यामुळे शेजाऱ्याचा संताप इथे खराखुरा असतो. परंतु या गुन्ह्यात आरोपीला पळून जाता येत नाही. केसांत, भुवयांवर, सदऱ्याच्या दोऱ्यादोऱ्यात कापूस अडकलेला, अशा अवस्थेत तो रस्त्याने जातो आणि ‘मी तिकडे गेलोच नव्हतो’ असे सांगतो. त्याच्याकडे पाहून रागावलेल्या शेतकऱ्यालाही हसू लपवणे अवघड जाते.

वर्षातल्या काही दिवशी तर गावच खोडीला मुभा देते. होळीसाठी पोरांनी लाकडे आणि गोवऱ्या पळवायच्या, आणि एकदा होळीवर चढलेली वस्तू परत मागायची नाही, हा संकेत महाराष्ट्रभर आहे. त्यामुळे शेजारी आधीच मोडकी बाज, जुने दार, पऱ्हाट्यांचा भारा घरात ओढून घेतो आणि रात्रभर ओट्यावर जागत बसतो. त्याचे जागणे हाही खेळाचा भाग असतो, कारण ज्याच्या घरून काहीच जात नाही त्याला आपण गावाच्या खिजगणतीत नाही असे वाटू लागते. भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मुली गाणी म्हणून झाल्यावर झाकलेली खिरापत ओळखायला लावतात, आणि मुलगे ती ओळखण्याआधीच लांबवतात. तान्ह्या पोळ्याला मात्र पारडे फिरते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन आलेल्या त्याच उपद्रवी मुलाच्या हातावर शेजाऱ्याला बोजारा ठेवावा लागतो. बोजारा म्हणजे बैलाच्या मानाची नाणी किंवा खाऊ. वर्षभराच्या भांडणाचा हिशेब त्या दिवशी मांडायचा नसतो.

कायद्याने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावला आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 82 ने सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही असे सांगितले, आणि सात ते बारा या वयात कृत्याचे परिणाम समजण्याइतकी पक्वता आली होती का हे पाहण्याची सोय कलम 83 ने ठेवली; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे कलम 20 आणि 21 मध्ये कायम आहेत. शेजाऱ्याला अर्थातच हा कायदा मान्य नसतो. ‘त्याला सगळं कळतं’ हा त्याचा ठाम युक्तिवाद असतो.

मानसशास्त्राने या युक्तिवादाला एक गमतीदार जोड दिली आहे. स्विस अभ्यासक ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक निर्णयावरील आपल्या 1932 च्या ग्रंथात लहान मुलांना दोन गोष्टी सांगून कोण अधिक वाईट असे विचारले होते: नकळत दार उघडल्यामुळे पंधरा कप फुटलेला एक मुलगा, आणि आईच्या माघारी मुरंबा चोरायला जाऊन एकच कप फोडणारा दुसरा. लहान वयाची मुले बहुधा पंधरा कपवाल्याला अधिक दोषी ठरवत, कारण त्यांची नजर हेतूवर नसून फुटलेल्या वस्तूंच्या संख्येवर असे. हेतूचा विचार वाढत्या वयाबरोबर येतो. आता फुटलेल्या कुंड्या, सांडलेले लोणचे आणि कमी झालेल्या कुरोड्या बोटांवर मोजणाऱ्या शेजाऱ्याकडे या दृष्टीने पाहिले तर दिसते की रागाच्या भरात तो स्वतःच सहा वर्षांचा होतो. समोरचा आरोपी मात्र, ‘मी मुद्दाम नाही केलं’ असे म्हणत, हेतूच्या प्रौढ तत्त्वावर उभा असतो. या वयांच्या अदलाबदलीतच विनोदाची मोठी जागा आहे.

वऱ्हाडाने तर या नात्याला धर्मचरित्राच्या पातळीवर नेले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात होऊन गेलेले गोविंदप्रभू, ज्यांना महानुभाव पंथ ईश्वरावतार आणि चक्रधरांचे गुरू मानतो, वयाने प्रौढ असूनही बाळासारखे वागत: कोणाच्याही घरात न विचारता शिरावे, आवडेल ते खावे, वाटेल त्याच्याशी खेळावे, मूर्तीशी बोलावे, आणि कोणत्या जातीच्या दारात पाऊल ठेवू नये हा गावाचा नियम तर बिलकूल जुमानू नये. गावकऱ्यांपैकी काहींना ते वेडे वाटत, काहींना देव. म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र सिद्ध केले ते ज्यांनी त्यांना पाहिले, सोसले आणि पूजले त्यांच्या आठवणी गोळा करून, आणि म्हणून त्या ग्रंथातली पुष्कळ पाने वाचताना मराठी गद्याच्या आरंभीच शेजाऱ्यांची एक मोठी जबानी नोंदवली गेली आहे असे वाटते. या गद्यात चमत्कारापेक्षा स्वयंपाकघर अधिक आहे. पातूर तालुक्यातले आलेगाव हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे आणि ‘ज्ञानप्रबोध’कार विश्वनाथ हे जवळच्या बाळापूरचे म्हणून बाळापूरकर, तेव्हा हा वारसा या परिसराला परका नाही.

आधुनिक मराठी बालसाहित्याने मात्र शेजाऱ्याला बाजूला सारले. ‘श्यामची आई’तल्या श्यामच्या खोड्या मोठा झालेला श्याम स्वतः सांगतो, आणि त्या पश्चात्तापाच्या पाण्यातून धुऊन येतात, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या गुणी आहे, भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे चोर पकडण्यात गुंतलेला, आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे खोडकर असला तरी अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडतो. मराठी लेखकाला मुलाने काहीतरी सत्कृत्य केल्याशिवाय त्याची खोडी माफ करवत नाही, ही या वाङ्मयाची दुबळी बाजू आहे. गोपींनी अशी अट घातली नव्हती.

या बाबतीत अमेरिकेतल्या डेनिसची चित्रमालिका गोकुळाच्या अधिक जवळची म्हणावी लागेल. हँक केचम यांनी 12 मार्च 1951 रोजी सुरू केलेल्या या मालिकेचा नायक त्यांच्या चार वर्षांच्या मुलावर बेतलेला होता, आणि त्याच्या शेजारी राहणारे विल्सन हे निवृत्त गृहस्थ या गोष्टींचा खरा कणा ठरले. शांतपणे बागेत बसू इच्छिणारा म्हातारा आणि त्याला आपला जिवलग मित्र समजणारा मुलगा. डेनिस सुधारत नाही आणि विल्सन घर बदलत नाहीत. कागदावरचा मुलगा कायम लहान राहिला, खरा मुलगा मोठा होऊन वडिलांपासून दुरावला, ही त्या यशाची कडू किनार आहे.

पातूरमध्येही धाब्याची घरे ओसरून स्लॅबची घरे आली, मध्ये कुंपणे आणि लोखंडी फाटके उभी राहिली, कुरोड्या पाकिटात मिळू लागल्या. जिथे भिंत ओलांडता येत नाही तिथे खोडी घडत नाही, आणि घडलीच तर गाऱ्हाणे आईच्या ओट्यावर न येता मोबाइलवर छायाचित्रासह पाठवले जाते, ज्यात मध्ये पडून मुलाला पदराआड घेण्याची सोय नसते. तरीही जुन्या गल्ल्यांतून ती बोलकी पद्धत अद्याप पुरती गेलेली नाही. विशेषतः लग्नघरी ती जागी होते: हळदीच्या दिवशी शेजारची म्हातारी नवऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांसमोर, पुढे नव्या सुनेसमोर, त्याच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांची यादी तारीखवार नसली तरी उन्हाळावार सांगू लागते, आणि अंगाला हळद लागलेला नवरदेव सारे मुकाट्याने ऐकून घेतो. एखाद्या कलमावर मात्र तो हरकत घेतो: चिकाच्या पातेल्यात मांजर सोडण्याचे काम आपले नव्हते, ते मधल्या भावाचे होते, आणि त्याबद्दल खाल्लेला मार अजून कोणी परत घेतलेला नाही.